बेशरमचं कुंपण

माय,

शेळ्या बेशरम खातात.

तू असतीस तर हातातलं सूप तसंच धरून माझ्याकडे पाहिलं असतंस आणि म्हणाली असतीस, "येडी झाली का व? बेशरमले कोनतं जनावर तोंड लावते?" खरंच आहे. आपल्या गावात शेंबडं पोरही हे सांगायचं. त्या झुडपाची फांदी कुठेही फेका, उलटी खोचा, पाण्यात बुडवा, ती लाज सोडून फुटते म्हणून तिचं नाव बेशरम. आणि जनावर तिला हुंगून पुढे जातं म्हणून तिचं कुंपण. जी शेळी बोरीचा पाला काट्यांसकट ओरपते, तीसुद्धा बेशरमच्या जांभळ्या फुलांकडे ढुंकून पाहत नाही. हे मी इतकं पक्कं धरून चालले होते, की पुढे नोकरीच जनावरांच्या खाण्याची लागली तरी शंका म्हणून आली नाही. आणि या उन्हाळ्यापासून माझं असं झालं आहे, की पोळी लाटता लाटता लाटणं थांबतं, समोरचा माणूस बोलत असतो आणि मला ऐकू येत नाही. धक्का एकदाच बसतो असं मला वाटायचं. हा रोज सकाळी नव्यानं बसतो. सांगावं अशी माणसं दोनच होती. एकीला सांगून झालं. दुसरी तू.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे पुढे माझं काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी गोंदियात जनावरांचं खाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एवढं शिकून पोरीनं शेवटी पालाच कुटला, असं तू म्हटलं असतंस, आणि त्यात खोटं काही नाही. पोत्यांतून पाला येतो. तो भट्टीत वाळवायचा, दळायचा, चाळायचा. थोडी भुकटी आम्लात उकळून तिच्यातला नायट्रोजन मोजायचा, त्याला ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, की निघाली प्रथिनं. थोडी जाळून राख करायची, की खनिजांचा अंदाज येतो. विषाची परीक्षा कोण घेणार, असं लोक म्हणतात; मी तोऱ्यात सांगायचे, की माझी तर नोकरीच ती. गंमत अशी, की आमच्या त्या तपासणीत विषाची परीक्षा होतच नाही. हे मला कळत होतं, पण वळलं यंदा.

यंदा आमच्याकडे रानातल्या चाऱ्याचं काम आलं होतं. उन्हाळ्यात तणशीशिवाय, भाताच्या पेंढ्याशिवाय, काही उरत नाही, आणि तणशीनं पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, हे तुला मी काय सांगावं! तेव्हा रानातला कोणता पाला जनावराला काय देतो ते बघायचं होतं. दरेकशाच्या डोंगरातून, आपल्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्यापासून पोती आली. उंबर, बोर, धावडा, बांबू, बाभळीच्या शेंगा, मोहाची फुलं. एकेक पोतं उघडलं की तू आठवायचीस. नवा पाला शेळीपुढे टाकण्याआधी तू त्यातलं एक पान स्वतःच्या दाताखाली धरायचीस. धावड्याचं पान चावून तोंड वाकडं करायचीस आणि म्हणायचीस, "हे तोंड आवरते, थोडंच टाकजो." त्याच तुरटपणाला आम्ही टॅनिन म्हणतो, तो जास्त झाला की पाल्यातली प्रथिनं बांधलेलीच राहतात, जनावराच्या पदरात पडत नाहीत. उंबराचं पान चावून तू मान डोलवायचीस आणि व्यालेल्या शेळीला तो पाला मिळायचा. मी हे सगळं मॅडमना कौतुकानं सांगितलं होतं. मॅडम म्हणजे आमच्याकडच्या जनावरांच्या डॉक्टर, माझ्याहून वयानं लहान, बोलायला तडकफडक. त्या पोत्यांत त्यांनी मुद्दाम एक पोतं बेशरमच्या पाल्याचं ठेवायला लावलं होतं. आकडे हाती आले तेव्हा मी ओरडलेच, "मॅडम, बेशरम पहिल्या नंबरानं पास!" बोरीपेक्षा, उंबरापेक्षा, आमच्या सगळ्या पोत्यांपेक्षा तिच्यात प्रथिनं जास्त. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, आपण नायट्रोजन मोजतो. तो प्रथिनातला आहे की विषातला, हे आपल्या यंत्राला कुठे कळतं? उद्या माझ्यासोबत चला. तुमच्याच भागात जायचंय."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही प्रतापगडच्या अलीकडच्या एका गावात पोचलो. तिथल्या बचत गटातल्या बायकांनी शेळ्या घेतल्या आहेत. एका अंगणात एक काळी शेळी उभी होती. उभी म्हणजे कशी, तर मागचे पाय फाकवून, पोट खपाटीला गेलेलं, केस राठ, आणि मान बारीक बारीक हलत होती, नको नको म्हटल्यासारखी. घरची बाई मॅडमजवळ सरकली आणि शेजारच्या घराकडे डोळ्यांनी खूण करून हळू आवाजात म्हणाली, "दवाई देऊन काई होनार नाही जी. नजर लागली हाय. बाजूवालीची. येते अन् नुसती पाऊन राहते." मॅडमनी शेळीची हनुवटी धरून मान वर उचलली, क्षणभर तिचं तोंड आभाळाकडे धरलं आणि सोडून दिलं. शेळी मागच्या मागे कोसळली. "ही खूण," मॅडम म्हणाल्या, "बेशरम खाते ही." बाईला हसू आलं. "बेशरम कोन खाते जी?" तेवढ्यात शेळी धडपडत उठली, झोकांड्या खात कुंपणापाशी गेली, आणि आम्हा तिघींच्या देखत मान लांबवून बेशरमचं हिरवंगार पान तोडून चावू लागली.

मी तिथेच खाली बसले. मॅडमना वाटलं मला ऊन लागलं. पाणी दिलं, सावलीत घेतलं, आणि मग त्या बाईला समजावत बसल्या. सगळं आटलं, वाळलं की तेवढी एक बेशरम हिरवी असते. एखादी भुकेली शेळी नाइलाजानं तोंड लावते. आवडत नाही, तरी खाते. मग चटक लागते, दारुड्याला लागते तशी. मग पुढ्यात चांगला पाला टाका, ती बेशरमच शोधत जाते, आणि तिचं बघून दुसरी शिकते. पानातलं विष पेशींमधला साफसफाईचा एक पाचक रस अडवतं. न मोडलेली साखर पेशीपेशीत साचत जाते, मेंदूतही साचते. आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून कुणी बेशरमवर संशय घेत नाही. "आणि गाभण शेळीनं खाल्लं तर पोटातल्या पिल्लाला..." मॅडम म्हणत होत्या, आणि मी मध्येच म्हणाले, "पिल्लाला मान धरता येत नाही." मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

मला कसं माहीत! माय, आपली भुरी शेळी व्याली तो दिवस तुला आठवतो? मी शाळेतून आले आहे, पाटी अजून हातात आहे. तू अंगणात उकिडवी बसून पिल्लाचं अंग फडक्यानं पुसते आहेस. काकू कणकेच्या हातांनी पळत येते. तेव्हा तिचं घर आणि आपलं घर असं वेगळं नव्हतंच. दोन चुली, एक अंगण. ती तुझी धाकटी जाऊ, पण पाहणाऱ्याला धाकटी बहीण वाटायची. तिला पेजेत मीठ किती घालायचं ते तू शिकवलंस, तिची वेणी तू घालायचीस, आणि ती तुला बाई बाई म्हणत दिवसभर तुझ्या मागेमागे असायची. तिला तोवर मूल झालं नव्हतं. ती पिल्लाला मांडीवर घेते, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरते आणि म्हणते, "किती गोजिरं व बाई! असं वाटते पातच राहावं." पिल्लाची मान तिच्या हातातून ओघळते. ती पुन्हा उचलते, मान पुन्हा ओघळते. तू पिल्लाचं तोंड भुरीच्या आचळाला लावतेस. त्याला तोंड वर करता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते गेलं. मग भुरीची मान हलायला लागली. मग तिच्या पाठोपाठ आणखी एका शेळीची. गावातल्या कुणी बाईनं तुझ्या कानात काकूचं नाव घेऊन 'वांझेची नजर' म्हटलं, तो शब्द मला ऐकू आला होता, पण अर्थ कळायला मला मोठं व्हावं लागलं.

त्यानंतरची सकाळ मला आजही डोळ्यांसमोर दिसते. तू चुलीपुढे आहेस, पेज उकळते आहे. काकू अंबाडीची भाजी वाटीत घेऊन उंबऱ्याशी येते, नेहमीसारखी, न विचारता आत पाय टाकते. तू पळी उचलतेस. मारायला नाही, थांबवायला. "तिथंच राय. माह्या घरात आता पाय ठेवजो नको. तुहा डोरा खराब हाय." काकू हसते. तिला वाटतं तू थट्टा करतेस. मग तिला तुझं तोंड दिसतं. ती हातातली वाटी उंबऱ्यावर ठेवते आणि जाते. ती वाटी दिवसभर तिथेच होती. मला भूक लागली होती आणि अंबाडी मला आवडायची, पण मी तिला हात लावला नाही. कोंबड्यांनी ती भाजी सांडून खाल्ली आणि रिकामी वाटी अंगणात लोळत राहिली.

आणि मग तू कुंपण केलंस.  तू तळ्यावर गेलीस. आपल्या पूर्वजांनी बांधलेलं तळं, ज्याचा आपल्या घराला केवढा ताठा, त्याच्या पाळीवरून बेशरमच्या फांद्या तोडल्यास, डोक्यावरून मोळ्या आणल्यास आणि अंगणाच्या मधोमध खोचल्यास. काकूची नजर शेळ्यांवर पडू नये म्हणून. उरलेल्या शेळ्या रानात, तळ्यावर सोडणंही बंद केलंस. वाटेवर तिची गाठ पडली तर? त्यांना तिथेच, कुंपणाच्या आडोशाला बांधायचीस. बेशरम फुटली, दाट झाली, माणसाएवढी झाली, जांभळ्या फुलांनी भरली. तुला केवढं समाधान वाटलं होतं! "आता पाय म्हना किती पाते ते." आणि शेळ्या एकीमागून एक मान हलवू लागल्या, पाय फाकवून उभ्या राहू लागल्या, पडू लागल्या. एक मेली की तू कुंपणात आणखी फांद्या खोचायचीस. फट दिसली की तिथे आणखी. तुझं म्हणणं, अजून तिला कुठूनतरी दिसते आहे.

तळ्याचं पाणी सोडणाऱ्या पाणकरानं आधी आपलीच बांधी, आपलंच भाताचं खाचर, भरून घेतलं, की तू रागानं म्हणायचीस, कुंपणच शेत खाऊन राहिलं. किती वेळा ती म्हण तुझ्या तोंडून ऐकली असेन! आणि आपल्या अंगणात ती अक्षरशः घडत होती, पानापानानं, तुझ्यासमोर. तू आंधळी नव्हतीस, माय. तू रानातलं प्रत्येक पान दाताखाली धरून पाहणारी बाई. ज्या एका पानाला तू कधी दात लावला नाहीस ते हे, कारण तो चाराच नव्हता, ते तर कुंपण होतं. चावून तरी काय कळलं असतं? आमच्या यंत्रालाही कळलं नाही. मी त्या दिवशी मॅडमना विचारलं, आधीच लक्षात आलं असतं तर शेळ्या वाचतात का. म्हणाल्या, वेळेत बेशरमपासून तोडलं तर बहुतेक वाचतात. ती काळी शेळी वाचली. लांबच्या गोठ्यात नेऊन बांधली, तणीस आणि बोरीचा पाला घातला, हळूहळू सावरली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

शेळ्या गेल्या ते गेल्या. पण काकू? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. आणि ती फाशी तुझ्या हातून. तू एकदा बोललीस आणि गावानं ते धरून ठेवलं. तिला हळदीला बोलावणं बंद झालं. बारशाला ती गेली तर बायका पाळण्यावर पदर टाकायच्या. पुढे तिला मुलगा झाला, तरी ते सुटलं नाही. उलट ती पोटुशी होती तेव्हा कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून नाही, तर कुणावर तिची नजर पडायला नको म्हणून तिला घरात बसवलं. ती रस्त्यानं खाली बघून चालायला लागली. मी मोठी होत होते आणि मला वाटायचं, काकूचा स्वभावच तसा, बुजरा. तुझ्या शेवटच्या आजारात ती दारापर्यंत आली होती. पदर डोळ्यांवर ओढून, हातात काहीतरी झाकलेलं. तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. तू गेल्यावर तुझ्यासाठी सगळ्यात मोठ्यानं तीच रडली, कुंपणाच्या पलीकडून.

त्या दिवशी परतताना मी मॅडमना गाडी आपल्या गावाकडे वळवायला सांगितली. कुंपण आता नाही. दादानं, तुझ्या थोरल्यानं, नवं घर बांधलं तेव्हा बेशरम मुळापासून खणून तिथे विटांची भिंत घातली. मी भिंतीला वळसा घालून रस्त्यानं काकूच्या दाराशी गेले. ती घरापुढच्या सपरीत बसली होती, मांडीवर लहानगी नात. नातीला तिनं धरलं होतं तसं ती नेहमीच धरते: पोरीची पाठ आपल्या छातीशी, तोंड बाहेर, रस्त्याकडे. मला वाटायचं पोरीला गंमत दिसावी म्हणून. मी समोर बसले आणि बोलायला सुरुवात केली. गाडीत ठरवून आले होते, तळ्यावरच्या बेशरमचंच सांगायचं. उन्हाळ्यात शेळ्या तळ्याच्या पाळीवर जायच्या, तिथे खाल्ली असणार, त्यातून सगळं झालं, पिल्लाची मानही त्यामुळेच. कुंपणाचं नाव काढायचं नाही. काकूनं मान खाली घालून ऐकलं.

"शेरी बेशरम खाते?" तिनं विचारलं.

"खाते, काकू. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मंग माह्या डोऱ्यानं नाही मेल्या?"

"नाही."

"ते पिल्लूबी?"

"तेही नाही, काकू. तू हातात घेतलंस त्याच्या आधीच ते तसं होतं. पोटातच."

मला वाटलं होतं ती चिडेल. तुला शिव्या देईल, गावाला देईल. मी तयारी करून बसले होते. तिनं दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. तिनं नातीचं झबलं सारखं केलं. मग म्हणाली, "मलेबी तसंच वाटे व. एवढे लोकं म्हनते त आसंलच ना काई माह्या डोऱ्यात. पोरगा झाला तवा मी त्याच्या तोंडाकडं डोरा भरून पायलं नाही. न्हाऊ घालाचं त पाठमोरं घालाचं. शाळेत गेला तवा पाठीमागून पाहो." मी म्हणाले, "काकू, तुझे डोळे पिकलेत, मोतीबिंदू आहे, दादानं किती वेळा चल म्हटलं तुला." ती म्हणाली, "जाऊन राहिले त जाऊ दे म्हनलं. तेवढीच लोकाइची पीडा कमी." हे ती इतकं साधं बोलली, कुणी जुनी चप्पल टाकून द्यावी तसं. माय, मला आजवर वाटत होतं गावानं तिला दोषी ठरवलं. तिनं स्वतःलाही ठरवलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रतापगडाजवळच्या त्या अंगणात मी जेवढी हादरले त्याच्या दुप्पट मी त्या सपरीत हादरले.

मग तिनं विचारलं, "मंग मी इच्याकडं पाहू का?"

मला विचारलं. परवानगी मागितल्यासारखं. मी मान डोलावली. तिनं नातीला काखेत धरून सावकाश फिरवलं आणि आपल्या तोंडासमोर आणलं. पोर पहिल्यांदाच आजीचं तोंड एवढ्या जवळून बघत होती. तिनं आजीच्या नाकातला खडा पकडला. काकूनं डोळे बारीक केले, मग मोठे केले, पोरीला आणखी जवळ घेतलं, नाकाला नाक लागेपर्यंत. "दिसतच नाही व नीट," ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

डोळ्यांच्या ऑपरेशनला मीच तिला गोंदियाला आणलं. आधी नको नको म्हणाली नाही, हट्ट धरला नाही, पिशवी भरून दारात बसली होती. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. परत येताना एसटीत ती सगळ्यांकडे टक लावून बघत होती, लहान मूल बघतं तसं, बेधडक. एक बाई चिडून म्हणाली, "क्या देख रही हो अम्मा?" काकू म्हणाली, "तुलेच." मी खिडकीकडे तोंड करून हसले, आणि मला तू आठवलीस, कारण कणकेच्या हातांनी पळत यायची तेव्हा काकू अशीच होती, फटकळ आणि हसरी, आणि तुला तीच तर आवडायची.

गावात उतरून घरी आलो. तिनं आधी नातीला पाहिलं, मनसोक्त, पोर रडायला लागेपर्यंत. मग मुलाला पाहिलं. तो अवघडून बाहेर निघून गेला. मग अंगणात आली आणि विटांच्या भिंतीसमोर उभी राहिली. मी तिच्या मागे उभी होते.

"इथं कुंपन होतं ना तुह्या मायचं?" ती म्हणाली.

"हो."

"कायचं होतं व?"

तिला माहीत होतं. किती उन्हाळे तिनं त्या फुलांच्या मागे काढले होते.  ती भिंतीकडे बघत राहिली, मग भिंतीखालच्या जमिनीकडे, जिथे तू खुंट ठोकले होतेस तिथे. "बाई त शेऱ्या इथंच बांधे," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला सांगता येणार नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. काळ्या चष्म्याखालून पाणी यायला लागलं, आणि मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं, डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका, म्हणून मी वेड्यासारखी पदरानं तिचे गाल टिपत राहिले.

"तिले सांगजो नको," काकू म्हणाली.

मला वाटलं तिला भ्रम झाला. "काकू, माय जाऊन किती वर्षं झाली."

"मले मालूम हाय. मी काय येडी हाओ? तू मनातल्या मनात तिच्याशी बोलत राहते, लहानपनापासून पाऊन राहिली मी तुले. हे मात्र सांगजो नको. लय जीव होता तिचा शेऱ्याइवर." थोडं थांबून म्हणाली, "मरून जाईल ते हे आयकून."

मी तिला "नाही सांगत" म्हणाले. तिचा हात धरून म्हणाले. आणि घरी येऊन तुला हे सगळं लिहायला बसले, पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. खरं सांगू? मला तुला ते कळायला हवं होतं. तू एकदा तरी त्या भिंतीसमोर उभं राहावंस आणि तुझ्या तोंडातून तो आवाज निघावा, असं मला वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं. काकूला वाटत नाही. जिचं आयुष्य गेलं तिला वाटत नाही, मग मी कोण?

पत्र पोचत नाही याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतं आहे. तुला काही कळलेलं नाही, माय. बेशरमले कोनतंच जनावर तोंड लावत नाही.